इराच्या पिक्चरमधली भिमाबाई

घोटीहून नाशिककडे निघालं की महामार्गाच्या डाव्या हाताला एक उंच पाळणा दिसतो. तिथल्या बागेचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आसपासच्या गावांत तिला सरळ 'पाळणे' म्हणतात. त्या पाळण्यांमध्ये गेल्या दिवाळीत एक घुमट उभा राहिला आणि घुमटावर इराचा दोन मजली चेहरा लागला. इरा म्हणजे गाणारी इरा. नाशिकच्या कॉलेज रोडवर वाढलेली पोरगी, आणि आता तिच्या गाण्याशिवाय एकही वरात पुढं सरकत नाही. घुमटात तिचा पिक्चर होता, पण साधासुधा नव्हे. चारी बाजूंनी पडदा, डोक्यावरही पडदा. पिक्चरमध्ये वारा सुटला की अंगाला खरा वारा लागतो आणि पाऊस आला की तोंडावर खरे शिंतोडे उडतात. लोक दोन-दोन तास रांगेत उभे राहत.

चंद्रभागेला इराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला त्या पिक्चरमध्ये आपली थोरली जाऊ बघायची होती.

जावा जावा आणि उभा दावा, अशी म्हण आहे. ती करणाऱ्यानं चंद्रभागा आणि भिमाबाई या दोघींना पाहिलं नसावं. बत्तीस वर्षं एका चुलीवर रांधलं, भाताच्या एकाच खाचरात चिखल तुडवला, आणि भांडणं झाली तीही मिठावरून आणि कोंबड्यांवरून. गेल्या वर्षी माघात भिमाबाईला चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी ती गेली. मागे उरला एक फोटो. भिमाबाईला फोटोचं भारी वावडं. कुणी मोबाइल उचलला की हिचा पदर तोंडावर. म्हणून आधारकार्डावरचाच फोटो मोठा करून भिंतीला लावला. त्यात भिमाबाई अशी काही बघते, जणू फौजदारानं बोलावून समोर उभी केलीय.

चंद्रभागेला आधी त्या फोटोचा राग यायचा. मग हळूहळू त्याची भीती वाटायला लागली. कारण होळीच्या सुमाराला तिच्या ध्यानात आलं, की डोळे मिटल्यावर आता आपल्याला तो फोटोच दिसतो. हसणारी, रागावणारी, तोंडात मिश्री धरून हुंकार देणारी भिमाबाई आठवायला जावं, तर मध्ये तो फोटो येऊन उभा राहतो. बत्तीस वर्षांचा चेहरा वर्षभरात पुसला जातो म्हणजे काय? या गोष्टीनं ती आतून हादरली, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

त्या पिक्चरमध्ये भिमाबाई आली कशी, तेही सांगायला हवं. मागच्याच्या मागच्या आषाढात इराची माणसं या दोघी जावांच्या खाचरात आली होती. भाताची आवणी चाललीय आणि मधोमध इरा गातेय, असा देखावा त्यांना हवा होता. खाचराच्या मध्यावर एक खांब रोवला, त्यावर सगळीकडून डोळे असलेला कॅमेरा बसवला. इरा खांबापुढं चिखलात उभी राहिली. तिच्या मागे, पलीकडच्या बांधापासून खांबाच्या दिशेनं बायकांनी रोपं लावत यायचं.

आता आवणी ही मागं सरत करायची असते. वाकायचं, मुठीतलं रोप चिखलात खोचायचं आणि एक पाऊल मागं घ्यायचं. लावलेलं रोप कायम डोळ्यांसमोर, पाय कायम मोकळ्या चिखलात. बायका बांधाकडे तोंड करून मागं मागं येऊ लागल्या, तसा टोपीवाला डायरेक्टर ओरडला, की मला सगळ्यांची पाठच दिसतेय. तोंडं इकडं करा आणि लावत लावत पुढं चाला.

पुढं चालत आवणी म्हणजे आपलंच रोप आपल्याच पायाखाली. पण हजेरीचे पैसे चांगले होते, पातळं नवी मिळाली होती, आणि इराच्या पिक्चरमध्ये तोंड दिसणार होतं. सहा जणी फिरल्या. त्यात चंद्रभागाही होती. भिमाबाई तेवढी फिरली नाही.

"भाताच्या डोक्यावर पाय देऊन मला नाय चालायचं," ती म्हणाली. "तुमाला पाठ नको आसंल तर काढून टाका मला."

टोपीवाल्यानं कपाळाला हात लावला आणि तिला रांगेच्या कडेला ढकललं. गाणं लागलं. भिमाबाई आपली मागं मागं. एकदा वाकली की बांधाला टाच लागल्याशिवाय कंबर सरळ करायची नाही, ही तिची जन्माची रीत.

पिक्चर लागला तेव्हा घरात सुतक नव्हतं, पण वर्षश्राद्ध होईपर्यंत गाण्या-बजावण्याला जायचं नाही असा शिरस्ता. भिमाबाईची पोरगी सायली मात्र त्याच घुमटात कामाला लागली होती; नोकरीला काही कुणी गाणं-बजावणं म्हणत नाही. ती निळा गणवेश घालून लोकांना आत सोडायची. चंद्रभागेनं तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "आई दिसती का गं?"

"दिसती," सायली म्हणाली होती. "पाठमोरी." आणि भाकरी थापायला उठून गेली होती.

तरी चंद्रभागेनं आशा सोडली नाही. माणूस वाकताना मान जराशी वळवतं, पदर खोचताना बाजूला बघतं. तेवढं दिसलं तरी पुष्कळ. वर्षश्राद्ध झालं, शिमगा झाला, आणि चैत्रातल्या एका सोमवारी ती ठेवणीतलं चांगलं पातळ नेसून एसटीनं पाळण्यांच्या दारात उतरली.

सायलीनं तिला अगदी मधली खुर्ची दिली. मग पुढं जाऊन पडद्याखाली उभी राहिली, हातात माइक घेतला आणि शहरी भाषेत बोलली, "कृपया मोबाइल बंद ठेवा. आत अंधार आहे, पायऱ्यांवर पायाखाली बघून चाला." आपल्याच घरातली पोरगी इतकं शुद्ध बोलते, याचं चंद्रभागेला कौतुक वाटलं. अंधार झाला. लोकांनी मोबाइल काढू नयेत म्हणून सायली पिक्चरभर तिथंच, लोकांकडे तोंड करून उभी राहायची.

इरा डोंगरावर गायली, समुद्रात गायली. चंद्रभागा मांडीवर हात ठेवून वाट बघत राहिली. आणि एकदम समोर घरचंच खाचर आलं. वारा सुटला, तोंडावर शिंतोडे उडाले, कुठूनतरी मातीचा म्हणून एक वास सोडला. माती कसली, उदबत्तीचा वास होता तो. समोर इरा, तिच्यामागं सहा जणी हसत हसत रोपं तुडवत येताहेत; त्यात चंद्रभागा स्वतः, दात काढून. स्वतःची तिला लाज वाटली. आणि डाव्या कडेला भिमाबाई. पाठमोरी. काष्टा वर खोचलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. पाठ मोठी होत होत जवळ आली, चंद्रभागेच्या खांद्याशी आली, वाटलं की हात लावावा, आणि दिसेनाशी झाली. मान काही वळली नाही. इरा मात्र गात होती.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत उठले. चंद्रभागा बसूनच राहिली. तिला रडू आलं आणि ते लपवायचं तिनं काही मनावर घेतलं नाही. जिवंतपणी फोटोला तोंड दाखवलं नाहीस, तर मेल्यावर काय दाखवशील, असं तिनं जावेला मनातल्या मनात झाडलं.

"काकी, चल, चहा घे," सायली जवळ येऊन म्हणाली.

चंद्रभागा उठली. पायऱ्या उतरता उतरता तिच्या मनात एक गोष्ट आली आणि ती जागच्या जागी थांबली. खांब होता खाचराच्या मध्यावर. आपण साऱ्या जणी खांबापाशी थांबलो. भिमाबाई कुठं थांबली होती? टोपीवाला थांबा थांबा म्हणून ओरडत होता, आणि ही बया अलीकडच्या बांधाला टाच लागेपर्यंत गेली होती. खांब ओलांडून गेली होती. मागं सरणारी बाई खांबाच्या पलीकडं गेली, की तिचं तोंड कुणीकडं होणार?

चंद्रभागेनं मागं वळून पाहिलं. खुर्च्यांच्या मागं तसाच पडदा होता, पांढरा, रिकामा.

"सायले, मला अजून एकदा बसू दे."

सायलीनं तिच्याकडं बघितलं. दुसऱ्या खेळाला तिनं काकीला तीच मधली खुर्ची दिली.

खाचर येईपर्यंत चंद्रभागा शहाण्यासारखी बसली. मग वारा सुटला तशी उठली, खुर्चीवर गुडघे टेकले आणि पाठीला धरून उलटी बसली. मागच्या रांगेत पॉपकॉर्न खात बसलेले एक गृहस्थ दचकले.

"अहो बाई, पिक्चर तिकडं आहे," ते म्हणाले.

"तुमचा तिकडं आसंल," चंद्रभागा म्हणाली. "माझा हिकडं हाय."

मागच्या पडद्यावर नुसता चिखल होता आणि पलीकडे बांध. इतक्या लोकांत तिकडं बघणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात कडेनं पाठ आली, पाठीची बाजू झाली, आणि एकेक पाऊल मागं जाता जाता भिमाबाईचं तोंड समोर आलं. घामेजलेलं, कपाळावर चिखलाचा ठिपका, भुवया जवळ आलेल्या. ती रोप खोचत होती, मान वर करत होती, पुन्हा खोचत होती. मग टाच बांधाला लागली. भिमाबाई सरळ झाली, कंबरेवर हात ठेवला, थेट इकडं बघून काहीतरी बोलली, आणि रागावता रागावता हसली. इराच्या गाण्यात तिचा आवाज कुणाला ऐकू येणार? पण हसू होतं, पुढचा अर्धा तुटलेला दात दाखवणारं, तेच.

चंद्रभागेच्या डोळ्यांसमोरून तो फोटो गेला. कायमचा गेला, हे तिला तिथंच कळलं.

दिवे लागल्यावर ती सुलटी झाली तर समोर सायली. पडद्याखाली, लोकांकडे तोंड करून. चंद्रभागेला वाटलं होतं पोरगी आपल्याकडं बघतेय, पण तिची नजर आपल्या डोक्यावरून मागच्या पडद्यावर होती. अजूनही तिथंच होती.

दिवसाला सहा खेळ. दिवाळीपासून.

"सायले," चंद्रभागा जवळ जाऊन म्हणाली, "तू सांगितलं नाहीस मला."

सायलीची मान खाली गेली. "मला तिकीट खिडकीवर टाकत हुते, पगार बी जास्त हुता. म्या नाय म्हणले. काकी, मला वाटलं, सांगितलं की समदं गाव येईल, उलटं बसंल, आन् माझ्या वाट्याला काय ऱ्हायचं नाय." तिनं नाक ओढलं. "पर एक सांग. शेवटाला आई काय म्हणती गं? रोज तिचे ओठ बघते. मला वाटतं, सायले म्हणती आन् पुढं कायतरी म्हणती. त्या पुढचं कळत नाय."

चंद्रभागेला ते शब्द चांगले ठाऊक होते. ते तिलाच बोललेले होते. त्या दिवशी चंद्रभागा खांबापाशी उभी होती आणि तिच्या टाचेखाली तीन रोपं चिरडली होती. क्षणभर तिच्या जिभेवर आलं, की होय, तुलाच हाक मारते. काय बिघडलं असतं? पण भिमाबाईनं पाठ दाखवली, खोटं तोंड दाखवलं नाही. तिच्या ओठांत खोटं घालायला चंद्रभागेचं मन होईना.

"मला म्हणली ती," चंद्रभागा म्हणाली. "'चंद्रे, पाय बघ.' रोपावर उभी हुते ना मी."

सायलीनं हातातला माइक खुर्चीवर ठेवला. आपण पोरीच्या हातातलं काढून घेतलं, असं वाटून चंद्रभागेला वाईट वाटलं.

"पाय बघ," सायली हळूच म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली आणि तिचे ओठ तसेच हलले. "काकी, आगं शाळंच्या एसटीमागं पळाले की दारातनं हेच वरडायची ती. पाय बघ, पाय बघ. आख्खं गाव हसायचं मला." आणि ती गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसत खुदखुदली.

पुढच्या खेळाची रांग आत यायला लागली होती. सायलीनं माइक उचलला, घसा साफ केला. मोबाइलचं शुद्ध भाषेत सांगून झालं. पुढच्या वाक्याला ती जराशी अडखळली.

"अंधार हाय," ती म्हणाली. "पाय बघा गं बायांनो. पाय बघा."

दोन-चार जणी हसल्या. आणि चंद्रभागा पदर सावरून, पायाखाली बघत, एकेक पायरी उतरली.