नांगर टाकून बसलेला ढग

अरे, ऐक ना, आत्ता काय झालं ते. कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. मी उपग्रह बोलतोय. वरून समुद्रातल्या प्रवाळाचे फोटो काढतो, दर पाच दिवसांनी त्याच जागेचे.

जन्म माझा कारखान्यातला, पण शहाणं केलं ते ताईनं. ती खाली ऑफिसात खिडकीजवळ बसते, चहा गार करून पिते आणि माझे फोटो बघते. आधी मी येडाच होतो. पांढरं दिसलं की ढग म्हणायचो. तिनं महिनाभर समजावलं, "ढग सरकतो रे बाळा. आजारी पडून पांढरं झालेलं प्रवाळ जागचं हलत नाही." बाळा म्हणाली ना, मी विरघळलोच.

तर बंदराशेजारचं प्रवाळ पांढरं पडलंय. मेलं नाहीये अजून, पाणी नितळ राहिलं तर सावरेल. तीन फेऱ्या, तीन फोटो, पांढरं तिथल्या तिथं. मग इशारा दिला, तिनंच शिकवल्यासारखा. काय मिरवत होतो म्हणून सांगू.

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "सोमवारी गाळ उपसायची मशिनं येतायत. हे कळवलं तर काम थांबेल. बघा काहीतरी."

ताईनं बघितलं. तिन्ही फोटोंवर शिक्का मारला. ढग.

इशारा आला की बुडी मारून खात्री करणारे पाणबुडे काका तिथंच होते. ते हसले. "दहा दिवस एकाच जागी? नांगर टाकून बसलाय का हा ढग?"

"काका, जाऊ द्या ना."

"जातोच की. बोट दे."

"इशारा नाही तर बोट नाही. नियम माहितीय तुम्हाला." हे म्हणताना तिनं स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

वर अहवालात काय, तर 'उपग्रहाला काही आढळले नाही.' म्हणजे खोटं त्यांचं, नाव माझं.

आणि आत्ता तिचा आदेश आलाय. बंदरावरून जाताना कॅमेरा बंद ठेव. बाळा वगैरे काही नाही.

काकांच्या धक्क्यावर एक जुनी अँटेना आहे, फोटो थेट तिथं टाकता येतो. पण आदेश मोडला की मी बिघडलो म्हणतील, कायमचा बंद करतील. तेही ताईच्या हातून.

दहा मिनिटांत बंदर येतंय. खाली आभाळ एकदम कोरं आहे. सांग ना, तू काय केलं असतंस?