गाईच्या आधी वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, आस्मुंडच्या वागण्याला मी विटले आहे. चाळिशी ओलांडलेला बाप्या, दाढीत पांढरे केस, आणि अक्कल म्हणाल तर वासरू बरं. दाराजवळच्या माझ्या खुंटीजवळून जाता-येता मला टिचकी मारतो. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, "वाजवा, वाजवा! खरी गाईची घंटा आहे." मग ते घट्ट चड्ड्यांतले सायकलवाले एकेक करून मला बडवतात आणि खिदळतात. मी काय जत्रेतला खुळखुळा आहे?

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. त्याने लोखंडाचा पत्रा वाकवला, कडा ठोकून जोडल्या, पितळेच्या तुकड्यांसकट मला ओल्या मातीत गुंडाळलं आणि आगीत घातलं. माती फोडली तेव्हा मी सोनेरी होऊन बाहेर आले. त्याने मला एकदाच वाजवलं. आतल्या खोलीतून त्याची बायको म्हणाली, "ही बाई कोणाचं ऐकून घेणार नाही." खरं बोलली. माझ्या पोटावर दोन अक्षरं ठोकलेली आहेत. ती कोणाची, मला ठाऊक नाही. मला वाचता येत नाही, आणि त्यावाचून माझं आजवर काही अडलं नाही.

मी कळपाच्या पुढारणीच्या गळ्यात असते. बाकीच्या गाईंना किणकिणणाऱ्या लहान घंट्या. माझा आवाज जड, एकच: ठाण्ण. आई गेली की तिच्या हुशार लेकीच्या गळ्यात मी, ती गेली की तिच्या लेकीच्या. किती पिढ्या झाल्या ते मोजत बसायला मला कधी वेळ नव्हता. डोंगरावरच्या आमच्या उन्हाळी वस्तीत मी वाजले की पोरं दूध मागायची आणि कुत्रं उठून बसायचं.

आता आमची रीत ऐका, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल.

वस्तीच्या वर एक खिंड आहे. खिंडीच्या अलीकडे, सावलीच्या अंगाला, एक घळ आहे. हिवाळाभर वारा सगळ्या डोंगराचा बर्फ झाडून त्या घळीत आणून टाकतो. जूनमध्ये कुरणं हिरवी होतात, ओढे फुगतात, तरी घळीत बर्फ पसरलेलाच असतो, सासुरवाडीला आलेल्या आळशी जावयासारखा. वरून पांढरा, गुळगुळीत. पोटात मात्र ओढा असतो, आणि ओढा त्याला खालून खात असतो. वरचं छत हातभर जाड आहे की बोटभर, ते वरून कोणालाही दिसत नाही.

म्हणून जूनअखेरची, मध्य-उन्हाळ्याची शेकोटी पेटून गेली की पुढारीण गाय मला घेऊन घळीकडे निघते. माणसं मागे चालतात, पण तिला हाकायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. तिने बर्फावर पाय ठेवला आणि पार गेली, तर वाट उघडली. ती थांबली, तर सगळे मुकाट्याने परत. ती पार होऊन खिंडीत पोचली की मी तिथं वाजते. पलीकडच्या उतारावरची वस्ती माझा आवाज ऐकते आणि आपली गुरं घेऊन इकडे येते, कारण आमच्या बाजूचं कुरण दोन्ही वस्त्यांचं मिळून आहे. त्या दिवसाआधी मी खुंटीवर, मला खिंडीत न्यायचं नाही. नाही म्हणजे नाही.

मधली काही वर्षं माझे हालही झाले, ते लपवत नाही. गुरं कमी झाली, उरलेल्यांना ट्रकात घालून वर आणायला लागले. मी कोपऱ्यात पडले. एका उन्हाळ्यात तर मला उलटी ठेवून माझ्यात लाकडी चमचे उभे केले होते. कळपाच्या पुढारणीची घंटा, आणि पोटात चमचे! मग गुन्वोर वस्तीवर राहायला आली. सत्तरीची बाई, गुडघे कुरकुरतात, तोंड थकत नाही. तिने चमचे फेकले, नवा गळपट्टा शिवला आणि मला फागरलिनच्या गळ्यात बांधलं. फागरलिन म्हणजे आताची पुढारीण, तांबडी, एक शिंग वाकडं. रीत पुन्हा सुरू झाली.

त्याच सुमारास आमच्या अंगणातून ती लांबलचक सायकलवाट निघाली. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात, आठवडाभर डोंगर चढायचे आणि उतरायचे, आणि वर त्याला सुट्टी म्हणायचं. गुन्वोरच्या बहिणीचा मुलगा आस्मुंड याने जुन्या गोठ्यात खाटा टाकल्या आणि सायकलवाल्यांची सोय सुरू केली. फाटकावर त्याने एक पाटी टांगली. एक बाजू लाल, म्हणजे खिंड बंद. दुसरी हिरवी, म्हणजे जा.

यंदाचा वसंत खोटारडा निघाला. आधी कडक ऊन पडलं. मग पाऊस, मग गारा, आणि जून लागला तरी वर ताजा बर्फ. रोज वेगळं नाटक. सायकलवाल्यांचे फोन थांबेनात. बर्फ किती आहे? चाकं रुततील का? ओढा ओलांडता येतो का?

"सांग त्यांना, शेकोटी झाल्यावर या," गुन्वोर म्हणाली.

"मावशी, लोक रजा काढून बसलेत. शेकोटीचं काय सांगू त्यांना?"

"मग सांग, गाय अजून गेली नाही."

"गाय! कुठून कुठून माणसं येतात इथं. त्यांनी काय एका गाईच्या मर्जीवर राहायचं?"

"तू राहिलास ना? तिच्या आजीच्या दुधावरच ही दाढी आली आहे तुला."

आस्मुंड वाजणारा फोन घेऊन बाहेर गेला. पटून बाहेर जाणारा माणूस वेगळा दिसतो. हा तसा नव्हता.

एका रात्री आभाळ मोकळं झालं आणि कडाक्याचं गोठलं. सकाळी गुन्वोर धार काढायला गेली तेव्हा आस्मुंडने मला खुंटीवरून उतरवलं आणि निळ्या चिकटपट्टीने सायकलच्या दांड्याला आवळलं. कशाला? तर वाट उघडल्याचा व्हिडिओ काढायचा होता, आणि त्यात गाईची घंटा शोभून दिसते म्हणे!

घळीतला बर्फ रात्रीच्या थंडीने दगड झाला होता. सायकल त्यावरून सरसर गेली. खिंडीत याने फोन एका खडकावर टेकवला आणि त्याच्यासमोरून एकदा इकडून, एकदा तिकडून, उड्या मारत सायकल पळवली. मी वाजत होते. काय करणार? हलवलं की वाजायचं, हाच माझा धर्म. पण जन्मात पहिल्यांदा मी खिंडीत होते आणि माझ्याखाली गाय नव्हती. पलीकडच्या उतारावर माझा आवाज स्वच्छ उतरत गेला. तिथं कोण राहतं, कोण त्या आवाजाची वाट पाहत बसलंय, हे या गृहस्थाच्या डोक्यातही आलं नाही. याच वस्तीत रांगला, वाढला, आणि तरी!

परत येऊन त्याने मला खुंटीला टांगलं, पाटी हिरवी केली आणि शीळ घालत कॉफी ठेवली.

दुपारपर्यंत ऊन चांगलंच तापलं. मग धुकं आलं आणि अंगणातलं फाटकही दिसेना. गुन्वोर चुलीपाशी चीजचं दूध ढवळत होती. एकाएकी तिचा हात थांबला. वरून, खिंडीच्या अंगाने, लहान घंट्यांचा किणकिणाट येत होता.

"या सिग्नेच्या गाई," ती म्हणाली. "हिला कोणी बोलावलं?"

सिग्ने म्हणजे पलीकडच्या वस्तीवरची. नवरा समुद्रावर नोकरीला, आणि ती एकटी तिकडची गुरं सांभाळते. तो कळप हेच तिचं सगळं आहे. तो बुडाला तर वस्तीला कुलूप. आणि कळपाच्या पुढे ती स्वतः चालते.

गुन्वोर माझ्यापाशी आली. माझ्या गळपट्ट्याला निळी चिकटपट्टी तशीच लोंबत होती. तिने ती दोन बोटांत धरली आणि आस्मुंडकडे पाहिलं.

"मावशी, सकाळी बर्फ दगडासारखा होता. मी स्वतः—"

"आता सकाळ आहे का?"

तिने मला फागरलिनच्या गळ्यात बांधलं आणि निघाली. आस्मुंड सायकल ढकलत मागे. त्याने सिग्नेला फोन करून पाहिला, पण खिंडीत फोन मुका होतो. घळीच्या काठाशी फागरलिन थांबली. नाक खाली घातलं, फुस्स केलं आणि पुढचा पाय उचलून परत गवतावरच ठेवला. संपलं. यापेक्षा स्पष्ट कोणी बोलत नाही.

"मी पलीकडे जाऊन तिला थांबवतो," आस्मुंड म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"आस्मुंडा, गाय थांबली आहे."

"गाईला चाकं नाहीत!"

असं म्हणून तो बर्फावर उतरला. पहिली काही पावलं ठीक गेली. मग सायकलचं पुढचं चाक खचलं, एक हुंकार आल्यासारखा झाला, आणि सायकलखालचं छतच गेलं. सायकल भोकात गेली. खाली ओढ्याने ती दगडांवर आपटल्याचा आवाज आला, मग तोही आला नाही. आस्मुंड कमरेपर्यंत रुतला होता. "आडवा पड!" गुन्वोर ओरडली. तो पोटावर पडला आणि सरपटत, रांगत काठाला आला. चेहरा बर्फापेक्षा पांढरा.

इतका वेळ फागरलिन अस्वस्थपणे मान हलवत होती, आणि मी वाजत होते. वर धुक्यात किणकिणाट जवळ येऊ लागला. भराभर जवळ येऊ लागला.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो, आणि माझं पितळ गार पडलं. त्या गाई माझ्याकडे येत होत्या. त्या आणि मी यांच्यामध्ये ती घळ होती.

गुन्वोरने हाका मारल्या. ओढ्याच्या गर्जनेत त्या विरून गेल्या. माणसाचा आवाज तिथं पोचत नाही, माझा पोचतो. पण माझ्या भाषेत 'थांबा' हा शब्दच नाही. मला जन्मभर एकच शब्द येतो: 'या'.

गुन्वोरने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि माझ्या तोंडात कोंबली.

मला! माझं तोंड आजवर कोणी बंद केलं नव्हतं. पण सांगते, मी हूं की चूं केलं नाही. वरचा किणकिणाट गोंधळला, मंदावला.

"आता धारेवरून," गुन्वोर म्हणाली.

घळीला वळसा घालून खडकांची एक धार खिंडीकडे चढते. लांबची वाट, ओले दगड. पण दगड सकाळी एक आणि दुपारी दुसरंच बोलत नाहीत. फागरलिन पुढे, गुन्वोर तिच्या पाठीवर हात टेकून, आणि मागून आस्मुंड, मावशीला कमरेला धरून वर ढकलत.  माझ्या तोंडात टोपी तशीच. गाई आता बर्फाच्या काठावर आल्या असतील, आता पाय ठेवला असेल, एवढंच मनात.

धारेच्या माथ्यावर गुन्वोरने टोपी ओढून काढली. "बोल बाई," ती म्हणाली.

आणि मी बोलले. फागरलिनने मान झाडली आणि मी अशी वाजले, की लोहाराची बायको असती तर कानावर हात ठेवून हसली असती. या! इकडे या! दगडावरून या! घंट्यांचा आवाज वळला. घळीकडे उतरत होता तो बाजूला, आमच्याकडे चढू लागला. धुक्यातून आधी एक शिंग आलं, मग गाय, मग गाईचं शिंग धरलेली सिग्ने. गाईच्या पुढच्या दोन्ही पायांना ओला बर्फ चिकटला होता.

"काकू," सिग्ने धापा टाकत म्हणाली, "सकाळी तुमची घंटा ऐकली म्हणून निघाले. ही पोरगी बर्फावर उतरली होती हो. मीही उतरणारच होते. मग घंटा एकदम गप्पच झाली, म्हणून थांबले. झालं काय?"

गुन्वोरने आस्मुंडकडे बोट केलं. 

"सकाळी मी होतो," तो म्हणाला.

"तू? तुझ्या गळ्यात बांधली होती की काय?"

"सायकलला."

"आणि सायकल कुठंय?"

"ओढ्यात."

सिग्नेने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भिजलेला, थरथरणारा. "गाय असती तर काठाशीच थांबली असती," ती म्हणाली आणि आपल्या गाईचे पाय पुसू लागली.   आस्मुंड खाली बसला आणि दुसरा पाय पुसू लागला.

त्या संध्याकाळी पाटी लाल झाली. दुसऱ्या दिवशी आलेल्या सायकलवाल्यांनी फार कटकट केली. आस्मुंड सगळ्यांना एकच उत्तर देत होता: "गाय अजून गेली नाही." ते हसले. तो हसला नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असं मी म्हणत नाही. पत्र्यावर थोडा गंज चढला तरी माझं काही बिघडत नाही. फक्त मला फुकट वाजवू नका. ज्या आवाजावर कोणीतरी गुरं घेऊन घराबाहेर पडतं, तो आवाज गंमत म्हणून काढायचा नसतो. तुमच्याकडेही अशी एखादी घंटा, एखादा भोंगा, एखादा शब्द असेलच. तो जपा.

शेकोटी झाली. सकाळी आस्मुंड माझ्या खुंटीपाशी आला, पण टिचकी मारली नाही. "मावशी, घेऊ का हिला?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

खिडकीतून सायकलवाले बघत होते. तो कानापर्यंत लाल झाला, तरी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "घेऊ का?"

त्याने मला फागरलिनच्या गळ्यात बांधलं, आणि तिने पहिलं पाऊल टाकताच मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी बोलले. त्याला शब्द कळले की नुसतं ठाण्ण ऐकू आलं, ते त्याचं तो जाणे.

"आस्मुंडा, तू मूर्ख नाहीस, तू घाईचा आहेस, पण डोंगराला त्यातला फरक कळत नाही. आजपासून गाईच्या मागे चाल."