वर्ताळ्याची जुडी

"मी उद्यापासून पथकात जाणार नाही," असं म्हणत आरोहीने ढोलाचं टिपरू कोपऱ्यात टाकलं. माझी ही नात यंदाच ढोल-ताशा पथकात शिरली होती. गणपती तोंडावर आले होते.

"काय झालं गं?"

"मला वर्ता म्हणतात. म्हणजे जादाची. कोणी दमलं तरच वाजवायचं, नाहीतर मागे उभं राहायचं."

मला हसू आलं. नवी नवरी होऊन मखमलाबादला आले, तेव्हापासून हा शब्द माझ्या ओळखीचा. आमचा मेथी-कोथिंबिरीचा मळा होता. शंभर जुड्या विकल्या की वर पाच फुकट द्यायच्या, तो वर्ताळा. सावळीराम व्यापाऱ्याला लिलावात पुरता शब्द बोलायलाही सवड नसे. "शंभर, वर्ता पाच!" असं तो ओरडे, आणि बाजारभर तेच रूढ झालं. पुढे पोरं क्रिकेटमध्ये अकराच्या वरच्या गड्याला वर्ता म्हणू लागली. मळ्यांवर बंगले आले. शब्द राहिला, त्यातली मेथी तेवढी गेली.

"म्हणजे फुकटचीच ना मी?"

"अगं, फुकट देतो म्हणून वाईट देतो का? माझ्या सासूबाई वर्ताळ्याच्या जुड्या सगळ्यांत आधी, निवडून बांधायच्या. ढिगावर वर त्याच. सावळीराम त्यातलीच एक सोडून बघायचा. पिवळं पान निघालं तर अख्खा ढीग परत. पसंत पडलं की खांद्यावरचा पंचा ढिगावर टाकायचा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मैदानावर गेले. पथकप्रमुख रविराज हा त्या सावळीरामचाच नातू.

"काय रे, आजोबांचा शब्द वापरतोस आणि रीत विसरतोस? वर्ता मागे ठेवतात होय?" असं विचारून मी त्यालाही सगळं ऐकवलं.

पोरं हसली. रविराज म्हणाला, "बरं आजी, सोडून बघू जुडी. आरोही, पुढे ये. एकटी वाजव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. जुडी वर ठेवणं माझं काम होतं, पुढचं तिचं.

पहिलाच ठोका चुकला.

"मेथी शिळी आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

आरोहीने ढोल कमरेला आवळला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती थांबलीच नाही. न सांगता एक ताशा तिच्या साथीला आला.

रविराजने गळ्यातला नॅपकिन काढला, तोंड पुसलं आणि तो तिच्या ढोलावर टाकला.

"पहिली रांग."

"आधी हा घामट नॅपकिन उचल," आरोही म्हणाली आणि पुढे जाऊन उभी राहिली.