बंद दाराआडची संक्रांत

मी भांडकुदळ आहे, मान्य! पण गणपतीच्या आरतीनंतर चाळीस लोकांसमोर नेत्रा म्हणाली, "उत्तराचे मोदक फ्रोझन असतात गं." कोण गप्प बसेल हो? एक्कावन्न मोदक स्वतःच्या हाताने वळले होते मी! पार्किंगमध्ये तिला गाठलं, मोदकपात्र तिच्या नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं आणि ओरडले, "परत समोर आलीस तर थोबाड फोडीन!"

पुण्यात असतो तर आठ दिवस अबोला, मग कुणीतरी मध्ये पडून चहा. पण हे अमेरिकेतलं प्लेनो. नेत्रा तडक कोर्टात गेली. जज्जने माझ्याकडून पीस बॉन्ड लिहून घेतला. वर्षभर शांतता राखायची, नेत्राच्या वाटेला जायचं नाही. बोलणं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, कुणाहाती निरोपसुद्धा नाही. मोडलं तर बॉन्डची रक्कम जप्त आणि वर जेल.

"आणि आपलं ग्रीन कार्ड खड्ड्यात," घरी येताना माझ्या नवऱ्याने, अरुणने ऐकवलं.

चार महिने मी अगदी गरीब गाय झाले. पण खरं सांगू? नेत्राशिवाय करमत नव्हतं. एकमेकींची बाळंतपणं काढली होती यार आम्ही.

संक्रांतीला दुपारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघते तर नेत्रा! हातात तिळगुळाचा डबा.

"उत्तरा, उघड गं. चुकलं माझं. आम्ही उद्या रेडमंडला शिफ्ट होतोय. भांडण तसंच ठेवून नाही जायचं मला."

माझा हात लॉकवर गेला आणि तिथेच थांबला.

"अगं, केस मीच केली ना? मग मीच सांगतेय, बोल!"

शहाणीच आहे! वकिलाने मला दहादा बजावलं होतं की ऑर्डर कोर्टाची आहे, नेत्राच्या म्हणण्याने ती सुटत नाही. ती आपणहून आली तरी अडकणार मीच.

"इतका माज? राहू दे मग!" ती पाठ फिरवून निघाली.

माझा धीर सुटला. फ्रिजवर लावलेली ऑर्डर ओढून काढली आणि दाराखालून बाहेर सरकवली. चिठ्ठी म्हणजे गुन्हा. हा कोर्टाचाच कागद होता, पण जज्जला ते पटलं असतं का, देव जाणे.

बाहेर पावलं थांबली. मग कागदाची सळसळ.

"जेल? अगं बाई! मला वाटलं, नुसता दम देतात." तिचा आवाज एकदम बदलला. "उत्तरा, दार उघडू नकोस. अजिबात उघडू नकोस!"

आणि बयेने बाहेर फतकल मारली. मी आत बसले, दाराला पाठ टेकून. तासभर ती बोलत होती. सासूचं ऑपरेशन, मुलाचा पडलेला दात, रेडमंडच्या पावसाची भीती. मी आयुष्यात पहिल्यांदाच तिला मध्ये तोडलं नाही. डोळ्यांना धार लागली होती, पण नाकसुद्धा ओढलं नाही. न जाणो, तेही बोलणं धरतील!

शेवटी ती उठली. "तिकीट पुढे ढकलते. उद्या सकाळी कोर्टात जाऊन सांगते, माझी मैत्रीण मला परत द्या. चालेल ना?"

मी दाराआड जोरजोरात मान हलवली. तिला ती दिसणार नव्हती, तरी हलवतच राहिले.