उतारावरची दबाई

रोलर फाटकातून आत येईना, तेव्हा मुलाने फाटकाची एक झडप बिजागरीतून उचकटून भिंतीला टेकवून ठेवली. म्हातारा चरात उभा होता, गुडघ्यापर्यंत पालापाचोळ्यात, हात पाठीमागे बांधून. वरचे सगळे चर सकाळीच मुरुमाने बुजले होते. हा सगळ्यात खालचा तेवढा उरला होता.

"बाबा, बाहेर या," सून ओट्यावरून म्हणाली. "तिथे मुरूम पडायचाय."

"माझ्यावर टाका."

"ऐकलंत का? तुमचे वडील म्हणतायत माझ्यावर टाका," ती नवऱ्याला म्हणाली आणि हसली. मजूरही हसले. मजुरांचं काय, ज्याची खावी भाकरी त्याची करावी चाकरी.

म्हाताऱ्याने आयुष्यभर रोलर चालवला होता. दबाई करून जमीन अशी आवळायची की पाण्याला आत शिरायला फट राहू नये, याचाच त्याला पगार मिळे. लोक त्याला रोलरवाले म्हणत. निवृत्त झाला तसं त्याने घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि घरामागचा उतार तेवढा आपल्याकडे ठेवला, तोही तोंडी. पोटच्या पोराशी कसला व्यवहार, असं त्याला वाटलं. असं वाटून घेणारे आईबाप जगात कमी नाहीत, म्हणून तर मुलांचं बरं चाललेलं असतं.

उताराच्या पायथ्याशी एका शिंपिणीचं घर होतं. नवरा गेलेला, शिलाई मशीन आणि अंगणातली विहीर एवढीच इस्टेट. विहिरीपलीकडे ओढा. पूर्वी पाऊस पडला की वरची माती, मोरीतला साबण, सगळं धावत खाली जायचं. विहीर गढूळ व्हायची, ओढ्याला फेस यायचा आणि उन्हाळ्यात दोन्ही कोरडे पडायचे. हे पाणी आपल्याच घरातून पळतं, हे म्हाताऱ्याला रिकामपणी दिसलं. मग तो कामाला लागला. त्याने उताराला आडवे चर खणले, त्यांत फांद्या आणि पाला भरला, मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात वळवलं. उघडी माती दिसली की तो तिच्यावर पाला पांघरायचा. शिंपीण गल्लीभरचा पाला पोत्यात भरून आणून द्यायची. तिसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात तिच्या विहिरीत पाणी राहिलं. तिने पहिली बादली वर आणून त्याला ओंजळभर पाणी प्यायला दिलं.

"दादा, हे टिकेल ना?" तिने विचारलं होतं.

"मी आहे तोवर तुमची विहीर आटत नाही," म्हातारा म्हणाला. तिने ते साऱ्या गल्लीला सांगितलं.

घरात मात्र त्या उताराचं नाव 'बाबांची दलदल' असं पडलं होतं. मुलाला तिथे भाड्याच्या गाड्या उभ्या करायच्या होत्या, आणि दलदलीत गाडी उभी राहत नाही. भांडणं झाली, अबोला झाला, सुनेचं ताट आपटून झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हातारा हटेना. शेवटी मुलाने विचारणंच सोडलं आणि सरळ रोलर बोलावला.

शिंपीण कुंपणापाशी येऊन उभी होती. चरात म्हातारा उभा आहे तोवर तिला धीर होता.

"बाबांना राहू दे तिथेच," मुलगा ड्रायव्हरला शांतपणे म्हणाला. "तू वरच्या कडेने सुरू कर."

उतारावर दबाई नेहमी खालच्या कडेपासून करत वर जायची असते. वरून सुरू केली तर सैल मुरूम खाली लोटत येतो आणि लाटा पडतात. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. पण कान मिटता येत नाहीत. इंजिनाचा आवाज एकदा चढायचा, एकदा पडायचा. प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर अर्धं चाक चढवून मारायची, तर हा गडी मधे वीतवीत जागा सोडत होता. म्हाताऱ्याचा जबडा हलायला लागला.

"अरे ए, थांब," तो ओरडला. "वरून कोण सुरू करतं?"

"काय बिघडतं काका? बसेल की."

"डोंबल बसेल. पावसात हे सगळं घसरून त्या बाईच्या विहिरीत जाईल."

"मग सांगा ना कसं करू."

म्हातारा चरातून बाहेर आला. विहिरीसाठीच आलो, असं तो मनाशी म्हणाला, आणि ते निम्मं खरं होतं. निम्मं हे की वाईट दबाई त्याला बघवत नव्हती. जित्याची खोड. तो चढ चढून गेला, ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा म्हणाला, "सरक, मी दाखवतो." त्याची पाठ वळताच मजुरांनी खालच्या चरात मुरूम ओढला.

रोलर त्याने अगदी खाली नेला आणि पहिली फेरी त्याच चरावरून मारली. आतल्या फांद्या कडाकडा मोडल्या. त्याचा हात क्षणभर थांबला, पण मधेच थांबलं की खड्डा पडतो, हे हाताला ठाऊक होतं. तो पुढे गेला. मग दुसरी फेरी, अर्धं चाक चढवून. मग तिसरी. ड्रायव्हर बाजूला उभा राहून खरोखर शिकत होता. सून मोबाइलवर चित्रण करत होती.

काम संपलं तेव्हा उतार एकसारखा झाला होता, कुठे लाट नाही की फट नाही. मुलाने एक बादली पाणी आणून वरच्या कडेला ओतलं. पाणी कुठेही न रेंगाळता सरळ खाली गेलं आणि शिंपिणीच्या कुंपणातून आत शिरलं.

"वा बाबा, एक थेंब मुरला नाही."

"मुरेल कसा?" म्हातारा म्हणाला. आवाजात जुना तोरा होता. तो त्याने स्वतःही ऐकला आणि त्याचं तोंड उतरलं.

"मी म्हटलं नव्हतं?" मुलगा बायकोकडे वळून म्हणाला. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. "उगाच भांडत बसण्यापेक्षा ड्रायव्हरला म्हटलं, जरा वाईट कर. ते आपणहून चढतील."

सून म्हणाली, "कोणी विचारलं तर चित्रणच दाखवू. सासऱ्यांनीच करून दिलं."

ड्रायव्हरने मान खाली घातली. म्हातारा रोलरवरून उतरला, तेव्हा त्याला हात द्यायला कोणी आलं नाही. खाली पाऊल टाकलं ते कडक जमिनीवर आपटलं. तो लंगडत कुंपणाकडे गेला.

शिंपिणीच्या पायाशी ओल होती. तिने जाब विचारला असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या खायच्या होत्या. ती आत गेली, घमेल्यात दगड भरून घेऊन आली आणि कुंपणाच्या कडेने, विहिरीच्या अलीकडे, बांध रचायला बसली. त्याच्या जमिनीकडून येणारं पाणी अडवायला.

तळाला ती लहान दगड लावत होती. असला बांध एका सरीत वाहून जातो.

"ताई, खाली मोठे दगड घ्या," म्हातारा म्हणाला.

तिने मान वर केली नाही. घमेल्यातून आणखी एक लहान दगड उचलला आणि तळाला बसवला.