टिकलीच्या कानातला पिवळा बिल्ला

मित्रांनो, आपल्या कानाची पाळी जरा चिमटीत धरा. आता अशी कल्पना करा, की तुम्ही एक मेंढी आहात. तुम्हाला बोलता येत नाही. तुम्ही कोण, कुणाच्या, हे परक्या माणसाला फक्त त्या पाळीत अडकवलेल्या बिल्ल्यावरून कळते. तो बिल्ला म्हणजे मी. मी एक जुना, पिवळ्या प्लॅस्टिकचा बिल्ला आहे. माझ्यावर बारा आकडे आहेत आणि कानात अडकणारा माझा खुंट तुटलेला आहे. तो कसा तुटला, ते सांगतो.

कारखान्यातल्या साच्यातून निघून मी दौंडच्या जनावरांच्या दवाखान्यात आलो. तिथून डॉक्टर अनुपमा मॅडमनी मला कुरकुंभजवळच्या एका वस्तीवर नेले. तिथे सगुणाबाईंच्या तेवीस मेंढ्या होत्या. एका टोचणीत मी टिकलीच्या कानात बसलो. टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी मेंढी. शिरूरच्या बाजारातून आणलेली, आणि सगळ्या कळपात दुधाला चांगली.

सगुणाबाईंचा मुलगा बिरदेव औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातो. त्यानेच मेंढ्यांचा विमा उतरवला होता, आणि त्या विम्याची ओळख म्हणूनच आम्ही बिल्ले कानांत बसलो होतो. विमा म्हणजे काय, तर पुष्कळ जणांनी दरवर्षी थोडे थोडे पैसे भरायचे. त्याला हप्ता म्हणतात. मग ज्याचे नुकसान होईल, त्याला त्या साठ्यातून भरपाई मिळते. वर्षभर काहीच झाले नाही, तर हप्ता फुकट गेला असे समजू नये. ते वर्ष निर्धास्त गेले, हीच त्या पैशांची कमाई.

सगुणाबाईंचे मला फार कौतुक वाटे. त्यांचे बालपण मेंढ्यांमागे चालण्यात गेले होते. मागे वळून न बघता, नुसत्या आवाजावरून त्या सांगत, "ती बघ, टिकली मागं राह्यली." त्यांना माझी गरजच नव्हती. पण मुलाने पैसे भरून आणलेली वस्तू म्हणून त्या मला जपत.

आणि त्या जपण्यातच चूक झाली.

एक दिवस एका मेंढीचा कान वेड्या बाभळीच्या काट्यात अडकून फाटला. तिचा बिल्ला कुठे पडला, कळेना. सगुणाबाईंनी अर्धा दिवस बाभळी धुंडाळल्या. घरी आल्यावर त्यांनी लोकर कातरायची कातर घेतली आणि उरलेल्या बाविसांचे बिल्ले एकेक करून काढले. माझा खुंट तेव्हाच कटकन तुटला. त्यांनी आम्हाला धुतले, फडक्यात बांधले आणि विम्याच्या कागदांबरोबर बिस्किटाच्या डब्यात ठेवले.

"आता एक बी हरवायचा न्हाई," त्या समाधानाने म्हणाल्या.

सहावीतली ऋतिका, म्हणजे बिरदेवची मुलगी, शेजारी बसून मोजत होती. बावीस भरले. तिलाही ते बरोबरच वाटले. डब्यातला कागद मात्र कुणीच उघडून पाहिला नाही.

दोन महिन्यांनी टिकलीने कुणाच्या तरी खळ्यावरचे धान्य भरमसाट खाल्ले. तिचे पोट फुगले आणि दुपारच्या आत ती गेली. ऋतिकाने लगेच दवाखान्यात फोन केला. मॅडम तासाभरात येते म्हणाल्या. सगुणाबाईंनी डोळे पुसले, डबा काढला आणि तुटक्या खुंटावरून मला ओळखून बाहेर घेतले.

शेजारचे म्हाळूमामा आले होते. त्यांनी मला पाहिले, मग टिकलीचा रिकामा कान पाहिला.

"मावशी, ह्यो कानात पायजे होता. हितं काय करतोय?"

"जपून ठिवलाय की."

"लई जपला. मेंढी रानात आन् वळख डब्यात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अजून तास हाय. गोंदाची पुडी आणतो. बसवू कानात. कुणाला काय कळतंय?"

ऋतिका आजीकडे बघत राहिली. भरपाई मिळाली तर दुसरी दुभती मेंढी येणार होती, नाही तर काहीच नाही. सगुणाबाईंनी मला मुठीत घट्ट धरले.

"न्हाई म्हाळू. कानाचं भोक बुजलंय, ते मॅडमला दिसंल."

"आन् न्हाई दिसलं तर?"

"मला तर दिसतंय न्हवं."

म्हाळूमामा टोपी सारखी करून बाजूला सरकले.

मॅडम आल्या तेव्हा सगुणाबाईंनी सगळे खरे सांगितले. मॅडमनी कागद उघडून एका ओळीवर बोट ठेवले. बिल्ला कानात हवा. पडला, तर लगेच कळवून नवा बसवायचा आणि नवा नंबर कागदावर चढवून घ्यायचा.

"आजी, टिकलीची भरपाई नाही मिळायची. जे आहे तेच मला लिहावं लागेल."

"लिवा. माझ्याच हातानं झालंय."

"पण बाकीच्या बाविसांचं अजून हातात आहे. आज अर्ज द्या. नवे बिल्ले घेऊन मी परवा येते."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. ऋतिका प्रत्येक मेंढीचा कान धरून नंबर दोनदा वाचत होती. आजी मेंढीचे नाव सांगे, ऋतिका वहीत लिही. त्या दिवसापासून सगुणाबाई भेटेल त्याला आपली चूक स्वतः होऊन सांगतात. "म्या कापलं, तुमी कापू नगा." एवढा मोठेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. विम्याचा कागद जपा, पण आधी तो वाचा. समजत नसेल, तर ज्याने तो दिला त्यालाच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

नवे बिल्ले बसवले त्या दिवशी दुपारी चार वाजता बिरदेव पहिल्या शिफ्टवरून आला. ऋतिका डबा मांडीवर घेऊन बसली होती. तळाशी आणखी एक पाकीट होते.

"पप्पा, ह्यो कशाचा कागद हाय?"

"माझ्या इम्याचा. कंपनीत सायबांनी सह्या घेतल्या व्हत्या."

"वाचलाय का तुमी?"

बिरदेव बूट काढता काढता थांबला. "न्हाई गं."

ऋतिकाने पाकिटातला कागद काढून जमिनीवर पसरला. ओळ चुकू नये म्हणून तिने मला पहिल्या ओळीखाली ठेवले, वडिलांना शेजारी बसवले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.