डावीकडची जागा

"गेला! अगं, गेला एकदाचा!"

हे गाडीच्या आतूनच ओरडले. मी उंबऱ्याशी त्यांच्या चहाचा कप घेऊन उभी होते. सकाळी उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. तेव्हा काय गेलं, कोण गेलं, हे विचारायची सोय नव्हती. मी नुसत्या भुवया उंचावल्या.

"डाग गं! तेलाचा. ये, बघ."

मी वाकून आत पाहिलं. पुढच्या सीटच्या पाठीवर, डावीकडे, अगदी वरच्या कडेला तळहाताएवढा काळपट गोल डाग कालपर्यंत होता. तिथे आता आजूबाजूसारखंच लाल, जुनं, मऊ कातडं दिसत होतं. खडूची भुकटी दाबून बसवायची, झाकून ठेवायची, झटकायची, पुन्हा नवी बसवायची. भुकटी हळूहळू तेल वर ओढून घेते. हे कितीतरी दिवस त्या डागाच्या मागे हात धुऊन लागले होते.

"तुझ्या भिंतीवरच्या डागाचा सख्खा भाऊ होता हा," हे म्हणाले. "तो काही माझ्यापुढे हार मानत नाही. पण ह्याने मानली. तेल म्हणजे कातड्याचा वैरी!"

आतल्या खोलीत मी जपाला बसते तिथे भिंतीला माझं डोकं टेकतं. त्याचा डाग पडला आहे. हे दरवर्षी त्यावर रंगाचा हात मारतात आणि दरवर्षी तो पुन्हा उगवतो. "घर आहे की तेलाचा घाणा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर माझंही एक ठरलेलं उत्तर आहे, पण ते दुपारनंतर. सकाळी ह्यांचंच राज्य.

मी डोळ्यांनीच शाबासकी दिली. ह्यांनी कप घेतला आणि त्या जागेकडे बघत बघत चहा प्यायले, जसं कुणी नातवाकडे बघत प्यावं.

ह्यांना सगळे गादीवाले म्हणतात. पुढे दुकान, मागे आमचं घर. जुन्या, जपून ठेवलेल्या गाड्यांचं पोट दुरुस्त करणं हे ह्यांचं काम: सीट, छताचं अस्तर, दारांच्या आतल्या गाद्या. बाहेरची चमक दुसऱ्यांची, आतला संसार ह्यांचा. ह्यांचा एकच हट्ट. जुनं कातडं टाकायचं नाही आणि त्याला नवं भोक पाडायचं नाही. जुना टाका उसवायचा, आतून कापडाचा आधार द्यायचा आणि दाभणाने त्याच जुन्या भोकांतून नवा दोरा ओवत जायचं. मशीन कोपऱ्यात चादर पांघरून झोपलेलं असतं. नव्या भोकांनी म्हातारं कातडं टाक्याच्या रेषेवर फाटतं, म्हणतात. एकदा मला म्हणाले, "तू मला सांभाळतेस ना, तसंच आहे हे. जुन्याच भोकांतून शिवत राहायचं."

"आणि उसवता तुम्ही," मी म्हटलं होतं. दुपार झालेली होती.

स्वच्छतेचं तर विचारूच नका. सीट उचलली की तिची खालची बाजूसुद्धा पुसणार. "कोण बघतंय तिथे?" असं कुणी म्हटलं की म्हणणार, "उंदीर बघेल. त्याने काय नावं ठेवायची?"

ही गाडी आणली होती इंजिनवाल्याने. तो ह्यांचा जुना दोस्त. इंजिनं तो बघतो, गाद्या हे. त्याच्याबरोबर एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. बांध्याने बारीक, केसांत पांढरी बट, बोलताना सारखी पर्सची चेन उघडबंद करत होत्या. गाडी त्यांच्या वडलांची. गोल दिव्यांची, कासवासारख्या पाठीची. तशा आता बघायलाच मिळत नाहीत.

"काका, मला नवी करून नकोय," बाई म्हणाल्या. "बाबांना आता एकेक विसरायला होतं. मला कधी त्यांची बहीण समजतात, कधी शेजारीण. घरात ताटाकडे बघत नाहीत. पण संध्याकाळी गाडीत बसवलं की आपल्या हाताने चार घास खातात. गाडी जागची हलवत नाही, तरी खातात. आता सीटमधली स्प्रिंग वर आलीय, त्यांच्या मांडीला जखम झाली. दुरुस्त तर करायलाच हवं. पण त्यांना कळता कामा नये, की काही केलंय."

"म्हणजे काम केलेलं दिसायला नको," हे म्हणाले.

"उस्ताद, काय गिऱ्हाईक आणलंय बघा तुम्हाला," इंजिनवाला हसला. "माझ्याकडे उलटं. काम दिसायलाच हवं असतं, मी केलेलं नसलं तरी!"

ह्यांना हसू आलं नाही. हे दार उघडून आत बसले, डोळे मिटले आणि सीटवरून हात फिरवत राहिले. मला ठाऊक होतं, काम घेतलं.

मग किती निगुतीने केलं ते मीच पाहिलं. स्प्रिंगा काढून बांधल्या, काथ्या झटकून पुन्हा भरला आणि कमी पडला तिथेच नवा घातला. बाबा बसून बसून उजवीकडे सीटला जो खळगा पडला होता, तो ह्यांनी भरून काढला नाही. वाटीसारखा तसाच ठेवला. दाराच्या गादीवर विडीचा चटका होता, तोही ठेवला. छताचं अस्तर मी शिवलं; जुन्या कापडाला आतून पट्टी लावून, मान दुखेपर्यंत वर बघत. कातड्याच्या भेगासुद्धा ह्यांनी बुजवल्या नाहीत, फक्त मऊ केल्या. "झीज ठेवायची, घाण काढायची," हे म्हणत. एवढा सोपा हिशोब. त्या हिशोबात तेलाचा डाग घाणीत गेला.

डाग गेला त्याच संध्याकाळी बाई वडलांना घेऊन आल्या. इंजिनवाला चालवायला आलाच होता. बाबा उंच, अंगात इस्त्रीचा सदरा, बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांनी गाडी पाहिली आणि चेहरा उजळला. उजवं दार उघडून बसले. खळगा मिळाला. चटक्यावर अंगठा ठेवला. ह्यांनी माझ्याकडे पाहून पापणी लववली. बाईंनी डबा उघडला.

मग बाबांनी डावीकडे पाहिलं. हात लांब करून त्या जागेवरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. आणि उठून बाहेर आले. गाडीला वळसा घालून डावं दार उघडलं आणि दाराला धरून उभे राहिले.

"बाबा, बसा ना. घास घ्या."

"ती उतरलीय," बाबा म्हणाले. रागाने नव्हे, नेहमीचं सांगावं तसं. "येईल आता. तिला घेतल्याशिवाय कसा निघू?"

बाईंचा डबा हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "आई बुटकी होती. अंबाडा घालायची. गाडी सुरू झाली की तिची मान टेकलीच. कुठेही जा, सगळा प्रवास झोपून. बाबा चिडवायचे, म्हणायचे, मी हिला फिरायला नेत नाही, झोपायला नेतो."

ह्यांनी ते ऐकलं. हातातलं फडकं त्यांनी खिशात कोंबलं, पुन्हा काढलं.

बाबा कितीतरी वेळ दार धरून उभे होते. शेवटी इंजिनवाल्याने आपल्या गाडीतून दोघांना नेलं. जाताना बाबा ह्यांच्यापाशी थांबले. "ती आली तर इथेच बसवून ठेवा हं. तिला रस्ते लक्षात राहत नाहीत."

"बसवतो," हे म्हणाले.

आयुष्यभर लोकांनी ह्यांना "अगदी नवी केलीत हो" म्हणून दाद दिली. आणि जिथे नवं करायचं नाही म्हणून एवढा जीव लावला, तिथे हे असं झालं. हे जेवले नाहीत. "मी त्या माऊलीला पुसून टाकलं," एवढंच म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक होतं?" मी म्हटलं.

"हात फिरवला होता ना मी. आकार कळायला हवा होता. सांडलेलं तेल ओघळतं गं. हे टेकलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. बाबा खिडकीशी बसलेत, दूध तेवढं घेतलं, आई येऊ दे म्हणतात. ह्यांनी बाईंकडून आईच्या तेलाचं नाव विचारून घेतलं, बाटली आणली आणि कुंचल्याने जपून गोल काढला. मागे सरून बघितलं. भजी तळताना उडाल्यासारखं दिसत होतं. पुन्हा भुकटी, पुन्हा पुसणं. मग पुढच्या सकाळी कापसाने टिपून पाहिलं. तेही जमेना. ज्या माणसाने जन्मभर डाग काढले, त्याला डाग पाडता येईना.

मी सगळं उंबऱ्यातून बघत होते. माझ्या जपाची वेळ झाली होती, बोलायचं नव्हतं. ह्यांच्या शेजारची बाटली मी उचलली. ओंजळभर तेल डोक्याला चोपडलं, अंबाडा घातला, आसन आणि माळ घेतली आणि जाऊन गाडीत डावीकडे बसले.

हे बघतच राहिले.

"अगं, तू उंच आहेस. ती बुटकी होती."

मी खाली घसरले.

"अजून."

अजून घसरले. गुडघे पुढे टेकले. जपाला इतकं पसरून मी जन्मात बसले नव्हते. देवाला म्हटलं, सांभाळून घे. ह्यांनी बोटाने अंबाडा किंचित सरकवला. जागा त्यांना पाठ होती, इतके दिवस तीच तर घासली होती.

"इथे. आता हलू नकोस." मग जरा थांबून, "किंवा हल. ती झोपायची. झोपलेलं माणूस थोडं डुलतं."

मी डुलले.

तेव्हापासून रोज सकाळचा जप गाडीत. हे बाजूला, उजवीकडे बसून राहत, हातात काही काम नसताना. त्यांना काम नसताना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. इंजिनवाला एकदा डोकावला. "वहिनी, कुठे निघालात जोडीने?" मी माळ दाखवली. "देवाकडे? मग आधी इंजिन बघू द्या मला, चढ मोठा आहे." हे म्हणाले, "हळू बोल. झोपमोड होते." आणि स्वतःच दचकले.

तिकडे बाई रोज फोन करत. बाबा अजून खिडकीशी. दूध, कधी अर्धा पाव. ह्यांचा जीव टांगणीला लागला होता. रोज जप झाला की मला बाहेर काढून वाकून बघत. आधी नुसता ओलसर तवंग. मग जरा सावळा. मग एक दिवस नुसता हात टेकवला, बोटांनी नव्हे, सगळा तळवा. आणि बाईंना फोन लावला.

बाबा आले तेव्हा बरेच वाळले होते. या खेपेला ते आधी डाव्या दाराशी गेले. उघडलं. बघत राहिले. हे माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.

बाबांनी दार लावलं, दोन्ही तळव्यांनी, हळूच, खटका ऐकू येईल न येईल असं. वळसा घालून उजवीकडे बसले. मग काच खाली करून ह्यांना जवळ बोलावलं.

"फार वेळ बसावं लागलं का हो तिला?"

"नाही, नाही," हे म्हणाले. "निवांत बसल्या होत्या. जप करत होत्या."

"जप?" बाबांनी डावीकडे पाहिलं. मग हसले. "डोळे मिटलेले असले की ती तसंच सांगते."

बाईंनी डबा पुढे केला. बाबांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली. बाई मान हलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आम्हीही तिथे कुणी काही बोललो नाही. बारा वाजून गेले होते, मला बोलता आलं असतं.

पुढे काही दिवसांनी ह्यांनी घर रंगवायला काढलं. आतल्या खोलीच्या तीन भिंती झाल्या, चौथी झाली. मी जपाला बसायला गेले तर माझ्या बसायच्या जागेवर, डोक्याएवढ्या उंचीला, तो गोल डाग तसाच. भोवताली कुंचला कसा सांभाळून फिरवला होता तेही कळत होतं, जुन्या भोकातून दोरा घालतात तसा.

दुपारी मी म्हटलं, "अहो, तेवढं राहिलं की."

"रंग संपला," हे म्हणाले.

अंगणात अर्धी बादली रंग होता. त्यावर फळी ठेवली होती.